ऑटिझम असलेल्या मुलांच्या टेस्ट आणि थेरपी: तयारी कशी करायची, काय निवडायचं

मोगरा_ठाणे

पालकत्वाच्या दुसऱ्या धाग्यावर बेराबद्दल, म्हणजे ऐकण्याच्या एका तपासणीबद्दल, बरेच प्रश्न आले. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय. माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे, निदान तीन वर्षांचा असताना झालं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे खालचं सगळं एका आईचं समजून वाचा आणि आपापल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आधी एक स्पष्ट करते, कारण नव्या पालकांचा गोंधळ इथेच होतो. ऑटिझमची रक्ततपासणी नसते आणि स्कॅनमध्येही तो दिसत नाही. मुलाचं निरीक्षण करून, त्याच्याशी खेळून आणि आईबाबांना खोदून खोदून प्रश्न विचारून निदान होतं. एम-चॅट ही १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची २० प्रश्नांची यादी आहे, पण ती फक्त चाळणी. त्यात गुण जास्त आले तर डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे (मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर) जा, एवढंच तिचं सांगणं. मग बाकीच्या टेस्ट कशासाठी? लक्षणांमागे दुसरं काही आहे का, किंवा ऑटिझमच्या जोडीला आणखी काही आहे का, हे बघण्यासाठी.

म्हणून सगळ्यात आधी कान. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाला ऐकूच कमी येत असू शकतं. ओएई ही कानाची तपासणी काही मिनिटांत होते. बेरामध्ये कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टिक-टिक असा आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारा संदेश यंत्र टिपतं. मूल हललं की आलेख बिघडतो, म्हणून लहान मुलांची बेरा झोपेत करतात.

खरी परीक्षा या झोपेचीच असते. आदल्या रात्री उशिरा झोपवा आणि सकाळी लवकर उठवा, असं सगळेच सांगतात. पण वाटेत गाडीत डोळा लागू देऊ नका, हे कोणी सांगत नाही. ठाण्याहून मुंबईला जाताना पाच मिनिटांची डुलकी झाली तरी तिथे पोचल्यावर मूल टक्क जागं! आम्ही मागच्या सीटवर मी, बाबा आणि खाऊचा डबा अशी फौज बसवली होती. घरची चादर आणि उशी न्या. झोपेचं औषध द्यायची वेळ आली तर ते हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या. घरून पाजून नेऊ नका. किती तास उपाशी ठेवायचं ते आधी विचारा. सर्दी, घोरणं, फिट्स, चालू असलेली औषधं, सगळं सांगा. काही मुलं त्या औषधाने झोपण्याऐवजी जास्त अस्वस्थ होतात, तीही तयारी असू द्या.

ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीची, तयारी आम्ही टिकल्यांनी केली. ईईजीत डोक्यावर वीसेक ठिकाणी चिकट पेस्ट लावून तारा जोडतात, आणि माझ्या मुलाला डोक्याला हात लावलेला अजिबात खपत नाही. आधी बाहुलीच्या डोक्यावर टिकल्या लावल्या, मग माझ्या, मग बाबांच्या. त्याने स्वतःच्या कपाळावर एक लावून घेतली त्या दिवशी तिथेच थांबलो. हळूहळू कपाळावरून कानामागे, तिथून केसांत. शेवटी शेवटी टिकलीखाली बोटभर कोरफडीचा गर लावायचो, म्हणजे गार आणि चिकट स्पर्श ओळखीचा होईल. टेस्टच्या दिवशी केस धुवून न्या, तेल लावू नका.

रक्त काढायचं असेल तर त्वचा बधिर करणारं मलम मिळतं, डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. साधारण तासभर आधी लावून वरून प्लास्टिकची पट्टी लावतात. आणि मुलाला खरं सांगा. "काही होणार नाही" म्हणून सुई टोचली तर पुढच्या वेळी ते मूल दवाखान्याच्या जिन्यावरच बसकण मारतं. "टोचेल, दहा आकडे मोजू, मग संपेल" हे आमच्याकडे चालतं, आकडे त्याला आवडतात म्हणून.

तुमचे अनुभव लिहा. थेरपीबद्दलही लिहा, त्यावर मलाही बोलायचं आहे.

नाशिकचा_बाबा

ताई, टिकल्यांची कल्पना आजच करून बघतो. आमची मुलगी तीन वर्षांची आहे, निदान नुकतंच झालंय. कागदावर बेरा, ईईजी, एमआरआय, जेनेटिक टेस्ट आणि रक्ताच्या तपासण्यांची भली मोठी यादी आहे. शिवाय एका सेंटरने आठवड्याला ४० तास एबीए (छोट्या पायऱ्या पाडून आणि बक्षीस देऊन वागणूक शिकवायची थेरपी) करा, नाहीतर वेळ निघून जाईल, असं सांगितलं. आकडा ऐकून बायको दोन दिवस जेवली नाही. हे सगळं लागतंच का? कर्ज काढायला तयार आहे, पण योग्य ठिकाणी काढावं म्हणतो.

बालरोग_सातारा

नाशिकचे बाबा, आधी वहिनींना जेवायला सांगा. "वेळ निघून जाईल" असं घाबरवणाऱ्या ठिकाणी पैसे भरायची घाई करू नका. लवकर सुरुवात चांगली हे खरं, पण एखाद्या महिन्यात कोणतंही दार कायमचं बंद होत नाही.

तुमच्या मुलीला न तपासता हे घ्या आणि ते सोडा असं मी सांगणार नाही. सर्वसाधारण लिहितो. श्रवणतपासणी प्रत्येकाचीच. ईईजी सरसकट लागत नाही. फिट्स येतात असं वाटलं, मूल मध्येच शून्यात हरवून जात असेल किंवा आलेली भाषा आणि कौशल्यं गेली असतील, तर करतात. एमआरआयही तसाच. डोक्याचा घेर खूप लहान किंवा मोठा, फिट्स, शरीराच्या एका बाजूला अशक्तपणा, मागे जाणारा विकास, असं काही तपासणीत सापडलं तर त्याला अर्थ आहे. एवढ्या लहान मुलांना एमआरआयसाठी बहुधा गुंगी किंवा भूल द्यावी लागते. म्हणून "यातून काय कळेल आणि कळल्यावर उपचारात काय बदलेल?" हे डॉक्टरांना विचारा. नीट उत्तर देतील ते डॉक्टर धरून ठेवा.

जेनेटिक टेस्टचं थोडं वेगळं आहे. क्रोमोझोमल मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांत काही तुकडे कमी-जास्त आहेत का ते बघणारी) आणि फ्रॅजाइल एक्स (एका आनुवंशिक आजारासाठीची) या तपासण्यांची शिफारस होते. त्यातून काही मुलांमध्ये कारण सापडतं, बऱ्याच मुलांमध्ये सापडत नाही. कारण सापडलं तर पुढच्या बाळंतपणाबद्दल सल्ला मिळतो, आणि काही सिंड्रोममध्ये हृदय, किडनी वगैरे तपासून ठेवावी लागते. थेरपी मात्र रिपोर्टसाठी अडत नाही. पैशांची ओढाताण असेल तर ही टेस्ट सवडीने करता येईल का, ते विचारा.

रक्तात लोह, ड जीवनसत्त्व, थायरॉइड हे मुलाच्या खाण्यापिण्यावर आणि तब्येतीवर ठरतं. माती किंवा भिंतीचे पोपडे खाणाऱ्या मुलाचं शिसंही तपासावं. केसांमधले जड धातू आणि अन्नाच्या आयजीजी (रक्तातली एक प्रतिपिंडं) अ‍ॅलर्जीची महागडी पॅनेल यांचा निदानाला उपयोग नाही. त्यांच्या जोरावर दूध-गहू तोडून मुलं वाळवलेली मी पाहिली आहेत.

स्टेम सेलबद्दल (मूळ पेशी टोचून करायच्या उपचाराबद्दल) कोणी विचारायच्या आत लिहून टाकतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे वगैरे काही ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त संशोधनातच वापरता येतात, आणि ऑटिझम त्या ठरावीक आजारांत नाही. लाखो रुपये घेऊन कोणी ही "ट्रीटमेंट" देत असेल तर तिथून सरळ बाहेर पडा.

मोगरा_ठाणे

डॉक्टर, मनापासून आभार. "उपचारात काय बदलेल" हा प्रश्न प्रत्येक पालकाने कागदावर लिहून न्यावा. आत गेल्यावर सगळं विसरायला होतं.

जर्सीवाला

आम्ही न्यू जर्सीत आहोत, मुलगा नऊ वर्षांचा. इकडे २००९ च्या कायद्यामुळे विमा कंपन्यांना ऑटिझमची थेरपी कव्हर करावी लागते, त्यामुळे निदान झालं की बहुतेक जण आधी एबीएच सुरू करतात. बीसीबीए (एबीएची प्रमाणित तज्ज्ञ) कार्यक्रम आखते आणि आरबीटी (तिच्या हाताखालची प्रशिक्षित कर्मचारी) घरी येऊन शिकवते. आम्हाला फायदा झाला. टॉयलेट ट्रेनिंग, रस्त्यावर हात सोडून न पळणं, भूक लागली हे सांगणं, हे सगळं तिथूनच आलं. प्रत्येक गोष्टीचे बारीक तुकडे पाडतात. दात घासणं म्हणजे आधी ब्रश हातात धरणं, मग तो ओठांना लावणं, मग फक्त पुढचे दात. पायरी जमली की लगेच त्याच्या आवडीचं काहीतरी. त्यामुळे एबीएला सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही.

अबोल_निळा

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. मी ऑटिस्टिक आहे, निदान नोकरीला लागल्यानंतर झालं. पुण्यात राहतो.

४० तास हा आकडा आला कुठून ते इथे असावं. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी १९८७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९ मुलांना आठवड्याला ४० तास थेरपी दिली आणि त्यांतली ९ "नॉर्मल" झाली, असा दावा होता. मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेली नव्हती. आणि त्या थेरपीत मोठ्याने "नो" ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हेही होतं. चापटी आता गेल्या, आकडा मात्र अजून पालकांच्या डोक्यावर बसलेला आहे. तीन वर्षांच्या मुलीला आठवड्याला ४० तास म्हणजे मोठ्या माणसाची पूर्ण वेळ नोकरी. ती खेळणार कधी?

जर्सीवाला, तुमच्या मुलाला रस्त्यावरची सुरक्षितता आणि भूक सांगणं शिकवलं, ते उत्तमच. माझा आक्षेप थेरपीचं ध्येय काय ठेवलंय यावर आहे. मला लहानपणी थेरपी नव्हती, पण शिकवणी होती: हात हलवू नकोस, डोळ्यात बघ, शहाण्यासारखा बस. डोळ्यात बघितलं की समोरचा काय बोलतोय ते मला ऐकूच येत नाही. सगळी ताकद बघण्यात जाते. खिडकीकडे बघत मी शब्दन् शब्द ऐकतो. शाळेत दिवसभर हात दाबून बसायचो आणि घरी आल्यावर कपाटात शिरून रडायचो. बाई आईला सांगायच्या, किती शांत मुलगा आहे.

तुमच्या मुलाच्या गोल्सच्या यादीत "आय कॉन्टॅक्ट", "शांत हात", "स्टिमिंग (हात फडफडवण्यासारख्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली) कमी करणे" असं काही असेल तर हे कोणासाठी चाललंय, ते विचारा. हात फडफडवल्याने कोणाला इजा होत नसेल तर फडफडू दे. डोकं आपटत असेल तर मदत हवीच, पण तो का आपटतोय ते शोधण्यापासून ती सुरू व्हावी.

शुभांगी_आजी

निळा, बाळा, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या नातवाला मी रोज हनुवटी धरून "आजीकडे बघ" म्हणते. उद्यापासून म्हणणार नाही. तो माझ्या शेजारी बसून पंख्याकडे बघतो, तेव्हा माझी गोष्ट ऐकत असतो का रे?

अबोल_निळा

आजी, बहुतेक ऐकत असेल. गोष्ट मध्येच थांबवून बघा. वळला, हात ओढला किंवा आवाज केला तर पुढचं ऐकायचं आहे.

जर्सीवाला

निळा, पटलं. आमच्या प्लॅनमध्ये आय कॉन्टॅक्ट आहे. पुढच्या मीटिंगमध्ये काढायला सांगतो.

गोव्याची_जाई

नाशिकच्या बाबांसाठी. मोठं सेंटर नसेल तर काहीच होणार नाही, असं समजू नका. आमच्या गोव्यात संगात संस्थेबरोबर आणि पाकिस्तानात रावळपिंडीत एक चाचणी झाली, पास नावाची. २०१६ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात आली. ६५ मुलं होती. तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवलं. पालक मुलांशी खेळत असतानाचा व्हिडिओ काढायचा आणि नंतर पालकांसोबत बसून बघायचा: इथे मुलाने तुमच्याकडे काहीतरी मागितलं, तुम्ही ते ओळखलंत का? पालकांचं मुलाच्या इशाऱ्यांना प्रतिसाद देणं सुधारलं आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करणं वाढलं.

माझ्या भाचीच्या बाबतीत ही सवय खूप कामाला आली. ती गाड्या ओळीत लावायची आणि आम्ही ओळ मोडून "चल, असं खेळू" करायचो. मग आम्हीही शेजारी ओळ लावायला लागलो. एक दिवस तिने स्वतःच्या ओळीतली लाल गाडी उचलून माझ्या ओळीत ठेवली. तिने मला खेळात घेतलं ते पहिल्यांदा.

मोगरा_ठाणे

जाई, लाल गाडीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

आता थेरपीबद्दल माझं. वर्तनाचा विषय निघाला की सगळे "कसं थांबवायचं" विचारतात. आमची स्पेशल एज्युकेटर पहिल्या दिवशी एक वही करायला लावते. तीन रकाने: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. एवढंच, पण रोज, वेळ घालून. गेल्या वर्षी लेक अचानक मनगट चावायला लागला. शाळेतून "अग्रेशन वाढलंय, बिहेवियर थेरपी वाढवा" असा निरोप आला. वही काढून बघितली तर चावणं सगळं जेवणानंतर, आणि पोळी असेल त्या दिवशी जास्त. वरणभाताला नाही! डेंटिस्टकडे नेलं, मागच्या दाढेत खोल कीड निघाली. दाढेवर उपचार झाले आणि चावणं थांबलं.

त्याला बोलून "दाढ दुखते" सांगता येत नाही. तेव्हा मूल एकाएकी बदललं, मारायला, चावायला, रात्री उठायला लागलं, तर थेरपीचे तास वाढवण्याआधी दुखणं शोधा. दात, कान, घसा, पोट. बद्धकोष्ठता तर या मुलांमध्ये फारच दिसते, निवडक खाण्यामुळे. मुलींमध्ये पाळी सुरू होण्याचं वय. मग आवाज, उजेड, झोप, घरात-शाळेत काही बदल. वर्तन म्हणजे त्याची तक्रार नोंदवायची पद्धत आहे, ती बंद केली तर तक्रार कळणार कशी?

सेंटर निवडताना मी एकच अट धरते, सेशन मला बघता आलं पाहिजे. काचेतून, कॅमेऱ्यावर, कसंही. "पालक असले की मूल ऐकत नाही" म्हणून दार लावून घेणाऱ्या एका ठिकाणी आम्ही परत गेलो नाही. आणि मूल दारातून आत जाताना कसं असतं ते बघा. सुरुवातीचं रडं समजू शकते. महिनोन् महिने तेच रडं असेल तर काहीतरी चुकतंय.

वाचा_उपचार

मी स्पीच थेरपिस्ट. दोन मुद्दे.

चित्रं किंवा अ‍ॅप वापरलं तर मूल बोलणारच नाही, ही भीती मनातून काढा. चित्रांमुळे बोलणं थांबत नाही, उलट अनेक मुलांना त्याची मदत होते. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांचं अ‍ॅप मोफत आहे. फोन नको असेल तर घरच्याच वस्तूंचे फोटो काढून कार्ड करा: तुमचा पेला, तुमचं बाथरूम, त्याची चप्पल. इंटरनेटवरच्या परदेशी कपाचं चित्र त्याच्यासाठी पाण्याचं चित्र नसतं. आणि "दुखतंय" आणि "नको" ही दोन कार्डं पहिल्या आठवड्यातच हवीत. बहुतेक घरांत फक्त खाऊची कार्डं असतात. मोगराताईंच्या दाढेची गोष्ट वाचून हे पुन्हा सांगावंसं वाटलं. "नको" दाखवलं की शक्य तिथे थांबायचं. थांबता येत नसेल, जसं रक्त काढताना, तर "कळलं तुला नको आहे, पाच मोजू आणि संपेल" असं सांगायचं.

दुसरं, थेरपिस्टची नोंदणी तपासा. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. सीआरआर क्रमांक, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, विचारायला संकोच करू नका. आम्हाला राग येत नाही.

सोलापूरची_मैत्रीण

खर्चाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. जिल्हा रुग्णालयात आयसा ही ऑटिझमची तीव्रता मोजायची चाचणी करतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. दिव्यांग प्रमाणपत्रासोबत यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड निघतं. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंत. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही काही मर्यादेत मिळतो. बिलं जपून ठेवा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची, चौकशी करा. तिथे थेरपी मोफत असते.

प्रमाणपत्राच्या दिवशी गर्दी खूप. आम्ही एक जण रांगेत आणि एक जण मुलाला घेऊन बाहेर झाडाखाली, असं केलं. नंबर जवळ आला की फोन. आत जाताना मुलाबद्दलचा एक कागद दिला: बोलत नाही, हात लावण्याआधी सांगा, ट्यूबलाइटचा त्रास होतो. तिथल्या सिस्टरांनी तो वाचून लगेच एक दिवा बंद केला.

नाशिकचा_बाबा

सगळ्यांचा ऋणी आहे. बेरा झाली, ऐकू नीट येतं. गाडीत झोपू दिलं नाही, बायको पूर्ण रस्ता गाणी म्हणत होती. एमआरआयचं डॉक्टरांना विचारलं, तर फिट्स वगैरे काही नसल्याने थांबू म्हणाले. ४० तासांवाल्या सेंटरला नाही कळवलं. सिव्हिलच्या डीईआयसीत नाव घातलंय, शिवाय एका ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मॅडमकडे आठवड्यातून दोनदा जातो. त्या आम्हाला आत बसवतात. बायको जेवते आहे.

एक प्रश्न. दाढेचं वाचून आम्हीही तोंडात टॉर्च मारायचा प्रयत्न केला, तर तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. डेंटिस्टकडे न्यायची तयारी कशी करायची?

मोगरा_ठाणे

वहिनींना नमस्कार सांगा.

टॉर्च आधी तिच्या हातात द्या, तिला तुमचे दात बघू दे. आम्ही डेंटिस्टना फोन करून दुपारची, गर्दी नसलेली वेळ मागितली आणि आधीच सांगितलं की आज तोंड उघडायचं नाही, फक्त खुर्ची बघायची. त्या खुर्चीचं वरखाली होणं त्याला इतकं आवडलं की पुढच्या वेळी तो स्वतःच चढून बसला. डोळ्यावर येणाऱ्या दिव्यासाठी गॉगल न्या. चूळ भरता येत नसेल तर तेही आधी सांगून ठेवा. दुखतंय अशी शंका असेल तर मात्र इतकी वाट बघू नका, लहान मुलांच्या डेंटिस्टकडे लगेच दाखवा. नाशिकमधलं कोणी वाचत असेल तर यांना चांगलं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.